एका हाताचा कीबोर्ड

कीबोर्डच्या बाबतीत मला आता कोणी शेंडी लावू शकत नाही. पूर्ण आकाराच्या कीबोर्डच्या साठ टक्के, पासष्ट टक्के, पंचाहत्तर टक्के म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. साठ टक्केवाल्यात बाणांच्या कळा नसतात, पासष्टवाल्यात असतात, पंचाहत्तरवाल्यात वर आणखी एक ओळ येते. कळेखालचा स्विच लाल असेल तर मुकाट खाली जातो. तपकिरी मध्येच जरा अडखळतो. निळा अडखळतो आणि वरून टक् असा आवाजही करतो. आमच्या शाळेतल्या बाकीच्या मॅडम साडीच्या काठावर जितक्या बारकाईनं बोलतात तितकं मी कीबोर्डच्या कळांवर बोलू शकते. हे ज्ञान मी हौसेनं मिळवलेलं नाही, आणि त्यातलं जे एक कळायला हवं होतं ते मात्र मला कळलं नाही.

माझे बाबा टायपिस्ट होते. भंडाऱ्याला कोर्टाच्या फाटकाशी टेबल टाकून बसणारे. कारध्याहून सायकलनं पूल ओलांडून रोज जायचे, पाठीमागच्या कॅरिअरला डबा, आणि टेबलावर मराठी टाइपरायटर. पुढं तो गेला, कॉम्प्युटर आला, पण बाबांची बसायची रीत तीच राहिली. पाठ सरळ, नजर पक्षकाराच्या कागदावर. ते टायपिंग शिकले तिथं कळांवर कापड टाकून शिकवायचे. त्यामुळं कळांवर काय लिहिलंय ते बघणं त्यांना पाप वाटायचं. कोणी खाली बघून टाइप करताना दिसला की म्हणायचे, हा पाय बघून चालणारा माणूस आहे.

रोज सकाळी मशीन उघडलं की आधी ते मधली ओळ एकदा डावीकडून उजवीकडे सरळ वाजवून बघायचे. सगळ्या कळा जागेवर आहेत की नाही ते तपासायचं, आणि मग पहिला अर्ज. त्यात नवल काही नाही, सगळे टायपिस्ट तसं करतात.

निवृत्तीचं वय त्या धंद्यात नसतं. एका सकाळी कारध्याच्या घरी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून पडला आणि उचलायला गेले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पंधरा दिवस दवाखान्यात काढून मी त्यांना आणि आईला जवाहरनगरला आमच्या क्वार्टरमध्ये घेऊन आले. माझे यजमान कारखान्याच्या बसनं सकाळी निघून जायचे, मी शाळेत जायची, आणि दिवसभर घरात ती दोघं.

डॉक्टरांना मी पन्नास प्रश्न विचारले. आईनं एकच विचारला. मला ओळखतात का? डॉक्टर म्हणाले, समज किती राहिली आहे ते आत्ता सांगता येत नाही. झालं होतं असं की बाबा सगळ्यालाच मान हलवायचे. चहा पाहिजे का, तर हो. नको का, तर तेही हो. कोणी भेटायला आला, त्यानं स्वतःचं दुःख सांगितलं, की हे हसायला लागायचे. ते हसणं त्या आजारातलंच असतं, असं आम्हाला सांगितलं होतं. पण समोरचा माणूस उठून जायचा तो जायचाच.

आईला मात्र खात्री होती. आंधळगावची लेक ती, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण तिच्याजवळ सांगायला रोज नवीन असायचं. बाबांना भरवताना ती अखंड बोलायची. आज कारध्याला नदीचं पाणी किती चढलं, कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, शेजारच्या क्वार्टरमधली बाई भाजीत किती तेल ओतते. सकाळची बुद्धवंदनाही ती त्यांच्या पलंगाशीच म्हणायची, त्यांच्या वाटेच्या ओळीला जरा थांबायची आणि मग पुढं जायची. मी म्हणायची, आई, दमशील. ती म्हणायची, त्याइले सगळं समजते, तू पाह्यत रहा.

पण मनात तिलाही पुरावा हवा होता. एक दिवस मला जवळ बोलावून ती म्हणाली की डावा हात बघ. बाबांचा डावा हात चादरीवर होता आणि बोटं हलत होती. थरथर नव्हती ती. एकेक बोट वेगळं उचलून खाली येत होतं. पेन आम्ही देऊन पाहिला होता, डाव्या हातानं त्यांना साधी रेघ जमली नव्हती. मोबाइलच्या काचेवर बोट घसरून एकदम चार अक्षरं पडायची. पण ही बोटं कुठल्यातरी कळा दाबत होती. मला एकदम हुरूप आला.

घरातला जुना कीबोर्ड पलंगावरच्या घडीच्या टेबलावर ठेवला तर तो टेबलाच्या दोन्हीकडून बाहेर. उजव्या टोकाच्या कळेपर्यंत डावा हात न्यायचा तर खांदा उचलावा लागे, आणि खांदा उचलला की सगळं शरीर उजवीकडे कलंडे. म्हणून लहान कीबोर्ड हवा, इथून सुरुवात झाली. मी बाबांची वीत टेपनं मोजली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तीन मापांचे तुकडे केले आणि एकेक त्यांच्यापुढं ठेवला. साठ टक्क्यांच्या पुठ्ठ्यावर त्यांचा हात मनगट न हलवता या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचत होता. पण बाण नाहीत, मागं कसं जाणार? मग पासष्टचा. एक बोटभर मोठा, बाणांसकट. बाबांनी त्या पुठ्ठ्यावर हात ठेवला आणि काढला नाही. मी ते चांगलं लक्षण मानलं.

स्विचचा शोध त्याहून मोठा. लोक इंटरनेटवर या स्विचांवर असे भांडतात की जावयाच्या मानपानावर भांडत नसतील. कमी ताकदीच्या बोटाला हलकी स्प्रिंग हवी, हे मला पटलं होतं, म्हणून मी लाल घेणारच होते. मग कुठंतरी वाचलं की आधी नमुने मागवता येतात. एका पट्टीवर नऊ कळा, नऊ तऱ्हांच्या, कशालाही न जोडलेल्या. ती पट्टी कुरिअरनं आली त्या दुपारी आम्ही तिघं पलंगाभोवती होतो. बाबांचं बोट मी एकेका कळेवर ठेवत गेले. लाल दाबली, सोडली. तपकिरी दाबली, सोडली. निळी दाबली, टक् झालं, आणि बाबा थांबले. पुन्हा दाबली. पुन्हा. मग नुसतं टक् टक् टक्, चेहरा असा की कोणी लांबून हाक मारली आहे. आई तोंडावर पदर धरून हसत होती. तो टाइपरायटरसारखा आवाज तिच्या पण ओळखीचा होता. ती दोघं इतकी खूश मी त्या वर्षात दुसऱ्यांदा पाहिली नाहीत.

निळ्या स्विचचा, पासष्ट टक्के, स्विच काढून बदलता येतील असा. ठरलं. एका ठिकाणी निळ्यातच हलक्या स्प्रिंगचे मिळतात असं कळलं, ते वेगळे मागवून मी स्वतः चिमट्यानं एकेक बसवले. शिफ्ट दाबून धरायला दुसरा हात नाही, म्हणून एकदा दाबून सोडली तरी चालेल अशी सोय कॉम्प्युटरमध्ये करून घेतली. भंडाऱ्याच्या दुकानदारानं विचारलं, कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर देऊ का, कोणतं अक्षर कुठं ते समजेल. मी जवळजवळ रागावलेच. म्हटलं, माझे बाबा पस्तीस वर्षं टाइप करत आले आहेत, त्यांना कळा बघायची गरज नाही. टायपिस्टची मुलगी असल्याचा असा तोरा मी मिरवला. ते स्टिकर लावले असते तर बाबांनी एकदा खाली बघितलं असतं आणि पहिल्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. पण हे आज कळतं.

मग कॉम्प्युटरची भाषा. मी स्वतः मराठी मोबाइलवर लिहिते, इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं तसं. मुलांना मराठी शिकवते, पण मराठी कीबोर्डशी माझा कधी संबंध आला नव्हता. सेटिंगमध्ये गेले, यादीत मराठी दिसलं, त्यावर टिचकी मारली. एक कळ दाबून पाहिली, मराठी अक्षर आलं. माझ्या मते काम संपलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईनं बाबांना पांढरा सदरा घातला, केस विंचरले. मी पाठीला उशा लावल्या, टेबल पुढं ओढलं, कीबोर्ड ठेवला आणि म्हटलं, बाबा, लिहा. त्यांनी डावा हात ठेवला आणि एकदाही खाली न बघता लिहायला लागले. टक् टक् टक्. भराभर नाही, पण अडत नव्हते. आई माझ्याकडे बघत होती, कारण तिला वाचता येत नव्हतं. मी पडद्याकडे बघत होते.

पडद्यावर आलं ते असं:

ोे्िुपरकतच

ाबे ताूीे ाकचबे तकों

काने, मात्रा, वेलांट्या मोकळ्या ठिपक्यांच्या गोलांवर लोंबकळत होत्या, मध्येच एखादं धड अक्षर. अक्षर मागं आणि त्याचा काना पुढं. बाबांनी वर पाहिलं. पडदा पाहिला. सगळं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, डॉक्टरांना दाखवायला म्हणून. आई विचारत होती, काय लिहिलं? काय लिहिलं, बाई?

मी म्हटलं, काही नाही आई, जरा सवय होऊ दे.

सवय आम्ही आठ दिवस होऊ दिली. रोज सकाळी पहिली ओळ तीच, ठिपक्यांच्या गोलांनी सुरू होऊन 'परकतच'वर संपणारी. रोजचा गोंधळ रोज तसाच्या तसा कसा येईल, हे माझ्यासारख्या पोरांच्या वह्या तपासणाऱ्या बाईच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. बाबा लिहीत, पडद्याकडे बघत, मग माझ्याकडे. एकदा त्यांनी बोट उचलून पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथं घड्याळ असतं. मी म्हटलं, साडेदहा झाले, बाबा. त्यांनी पुन्हा तिथंच दाखवलं. मी पुन्हा वेळ सांगितली. घड्याळाच्या शेजारी कीबोर्डची खूण असते, तिथून तो बदलता येतो, हे कोर्टाच्या फाटकाशी बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मला नव्हतं. मी साडेदहा, मग दहा पस्तीस, असं सांगत राहिले, आणि त्यांनी हात खाली घेतला.

नवव्या दिवशी त्यांनी डाव्या मुठीनं कीबोर्डवर जोरानं मारलं. मग रडायला लागले. रडणंही आजारातलंच, असं मी आईला समजावलं. कीबोर्ड उचलला, खोक्यात घातला, कपाटावर ठेवला. फोटो डॉक्टरांना दाखवला होता. त्यांनी, खरं सांगायचं तर, काही ठाम म्हटलं नाही. म्हणाले, अक्षरांचा क्रम गेलेला दिसतो, अशा रुग्णांमध्ये असं होऊ शकतं. ठाम मी म्हटलं. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, मी ओट्याला टेकून तिला सांगितलं की आता आशा धरू नकोस, त्यांना काही समजत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, मान हलवतात ती नुसतीच. मला वाटलं मी तिच्यावर दया करते आहे. रोज उठून पुरावा शोधायचा तिचा त्रास तरी संपेल.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली तरी काढली नाही. मग म्हणाली,

"मंग मी इतके दिवस कोनासंग बोलून राहिली होती?"

त्या दिवसापासून आई बाबांशी बोलायची थांबली. रागानं नाही. ज्याला ऐकू जात नाही त्याच्याशी कोणी किती बोलेल? भरवायची, पुसायची, कूस बदलायची, सगळं पहिल्यासारखंच, फक्त तोंडातून शब्द नाही. वंदना बाहेरच्या खोलीत म्हणायला लागली, आणि त्यांच्या वाटेच्या ओळीलाही थांबायची नाही. बाबा तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. तिनं घास पुढं केला तरी कधी कधी तोंड उघडायचे नाहीत. मला वाटायचं, भूक नसेल.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी सकाळी आई मोरीशी पाण्याची बादली उचलताना खाली बसली. छातीत दुखतं म्हणाली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, दुपारी गेली. बाबांना तिचं शेवटचं दर्शन द्यायचं की नाही, हा प्रश्न लोकांनी मला विचारला. मी म्हटलं, त्यांना काय कळणार, उगाच हाल. शेजारची बाई त्यांच्याजवळ बसली आणि आम्ही आईला थेट कारध्याला नेलं, नदीवर. मी परत आले तेव्हा बाबा जागे होते. मी त्यांना दूध-पोळी भरवली. काही सांगितलं नाही. शेजारची बाई म्हणाली, दिवसभर शांत होते.

कारध्याचं घर आईच्या नावावर होतं. वारसाच्या प्रतिज्ञापत्रासाठी महिन्याभरानं मी भंडाऱ्याला गेले. कोर्टाच्या फाटकाशी बाबांच्या जागेच्या शेजारी एक बाई बसते, पस्तिशीची, पूर्वी बाबांच्या हाताखाली शिकलेली. लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड जोडून ती काम करते. तिनं बाबांची विचारपूस केली, आई गेल्याचं ऐकून हळहळली, आणि लिहायला घेतलं. मी नाव सांगितलं. तिनं माझ्या कागदावरची नजर न हलवता आईचं नाव टाइप केलं, पुढं 'मयत' लिहिलं.

पडद्यावर ठिपक्यांचे गोल आले. त्यांवर लोंबणारे काने आणि मात्रा.

तिनं वर पाहिलं आणि जिभेनं च्यक् केलं. "थांबा मॅडम. यानं आपल्या मनानं दुसरं मराठी लावलं. आमच्या टाइपरायटरच्या मराठीत अक्षरं वेगळ्या जागी राहतात." मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, तिनं बोट नेलं, एक टिचकी मारली, खोडलं, पुन्हा टाइप केलं. आईचं नाव स्वच्छ उमटलं.

मी मोबाइल काढून तो फोटो शोधला आणि तिच्यापुढं धरला. म्हटलं, हे कोणत्या मराठीतलं आहे, वाचता येतं का? ती दोन्ही शिकलेली होती. म्हणाली, वाचता नाही येणार, पण याच कळा आपल्या मराठीत दाबून पाहते. जिथं यात काना आला आहे तिथं आमचा म असतो, असं काहीतरी पुटपुटत एकेक कळ शोधून तिनं दाबली. पहिली ओळ झाली तशी हसली. "ही तर मधली ओळ आहे. सर रोज करत होते ना, काम सुरू करायच्या आधी."

दुसरी ओळ तिनं निम्मी होईपर्यंत हसतच केली. मग हसू गेलं. पूर्ण करून तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि स्वतः रस्त्याकडे बघत बसली. आईच्या नावाखाली, मयत या शब्दाखाली, लिहिलेलं होतं:

मले समजते मायले सांग

बाबांनी जन्मभर 'सदर अर्जदार' आणि 'विनंती की' असलं मराठी टाइप केलं. घरचं बोलणं त्यांनी मशीनवर कधी उमटवलं नव्हतं. ते पहिल्यांदा उमटवलं तेव्हा ते माझ्या आईसाठी होतं, ती चार हातांवर बसली होती, विचारत होती काय लिहिलं, आणि मी म्हटलं काही नाही. ते आठ दिवस रोज त्यांनी हेच लिहिलं. निरोप पोचवायचं एकच काम माझ्याकडे होतं. मी ते केलं नाही, इतकंच नाही, मी तिला नेमका उलटा निरोप दिला, आणि तो घेऊन ती गेली. माझ्यासारखी शिकलेली मुलगी नसती तर माझी आई शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिली असती, हे मी कितीही फिरवून पाहिलं तरी खरंच आहे.

त्या बाईनं टाइपरायटरचं मराठी कसं बसवायचं ते कागदावर लिहून दिलं. ते यादीत आपोआप नसतं, वेगळं टाकावं लागतं. घरी जाऊन मी ते टाकलं. कपाटावरचं खोकं काढलं, कीबोर्ड पुसला. दुसऱ्या सकाळी बाबांपुढं ठेवला तर त्यांनी हात मागं घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी त्यांना कीबोर्डचं सगळं सांगितलं. चूक माझी होती, कळा बरोबर होत्या, तुम्ही बरोबर होता. ते वळले नाहीत. शेवटी मीच त्यांचं बोट धरून एक कळ दाबली आणि पडद्यावर म आला. ते वळले आणि त्यांनी तो म पाहिला.

मग त्यांनी मधली ओळ वाजवली. बरोबर आली.

मी म्हणणार होते की आई गेली. कसं म्हणायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं. पण त्यांनी आधी लिहिलं, माय गेली मले मालूम आहे. घरातलं रडणं ऐकलं होतं त्यांनी, आणि त्यानंतर ती आली नाही, एवढं कोणालाही कळतं. मी रडायला लागले. ते थांबले. माझं होऊ दिलं. मग पुन्हा हात ठेवला आणि अगदी हळू, शिफ्ट एकदा दाबून सोडत, एकेक अक्षर लिहिलं:

तुही माय मायावर काहून रागावली होती

म्हणजे ते एकोणीस दिवस, घास पुढं आल्यावर तिच्या तोंडाकडे बघत, ते हाच हिशेब लावत बसले होते की ती आपल्यावर का रागावली, आपण असं काय केलं. बेचाळीस वर्षं बोलणारी बायको आपल्या आजाराला कंटाळली, की लिहिता आलं नाही म्हणून रुसली. मी त्यांना खोटं सांगू शकले असते. थकली होती म्हटलं असतं तर चाललं असतं, आणि मी सुटले असते. पण मग ती रागावली नव्हती हे त्यांना पटलं नसतं. म्हणून मी सांगितलं. रागावली नव्हती बाबा, मी सांगितलं होतं तिला की तुम्हाला काही समजत नाही म्हणून. तुम्हाला ऐकू जातं हे तिला ठाऊकच नव्हतं.

त्यांनी लिहिलं, रागावली नोयती.

मी म्हटलं, नाही.

त्यावर त्यांनी मला ना शिवी लिहिली, ना माफी. डोळे मिटून घेतले आणि त्या दुपारी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

त्यानंतर बाबा सात महिने होते. त्या कीबोर्डवर आम्ही पुष्कळ बोललो. मिठाचं, औषधांचं, कारध्याच्या घराच्या कौलांचं, शाळेतल्या माझ्या भांडणांचं. त्यांना सगळं समजत होतं, सगळं आठवत होतं, काल काय बोललो तेही. तरी रोज सकाळी मधली ओळ वाजवून झाली की पहिलं वाक्य एकच यायचं, रागावली नोयती ना. विसरून विचारत नव्हते. त्यांना ते ऐकायचं असायचं, आणि त्याला उत्तर एकच होतं. पहिल्या दिवशी ते द्यायला माझा जीव जात होता, सातव्या महिन्यातही तितकाच जात होता. शाळेला निघायची घाई असो, कोणी पाहुणा समोर बसलेला असो, मी पर्स खाली ठेवायची, पलंगाजवळ जायची आणि म्हणायची, नाही बाबा, मीच सांगितलं होतं तिला, तुम्हाला काही समजत नाही म्हणून.